प्रीपेड मोबाइल योजनांचे गुणदोष : आगाऊ पैसा व मुदत

एखादी गोष्ट अतिपरिचित झाली म्हणजे ती अभ्यासाचा विषय होऊ शकते हे सहसा ध्यानात येत नाही. मोबाइल फोनचा रिचार्ज ही अशीच एक गोष्ट होय. भारतातील मोबाइल जोडण्यांपैकी दर दहांत सुमारे नऊ जोडण्या प्रीपेड पद्धतीच्या, म्हणजे आधी पैसे भरून मग सेवा घेण्याच्या आहेत. देशातील दूरध्वनीव्यवस्था बव्हंशी ह्या एका पद्धतीवर उभी आहे असे म्हणावयास हरकत नाही. असे असूनही घरभाडे, कर्जावरील व्याज किंवा धान्याचे भाव ह्यांचा विचार आपण ज्या बारकाईने करतो, त्या बारकाईने ह्या खर्चाचा विचार करीत नाही.

प्रीपेड योजना हितावह की अहितकारक, हा प्रश्न सामान्यतः गुणांची एक व दोषांची एक अशा दोन याद्या मांडून सोडविला जातो. त्या याद्या खोट्या नसतात. परंतु गुण कोठून उत्पन्न होतात व दोष कोठून, ह्याचा बोध त्यांतून होत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रीपेड ह्या एकाच नावाखाली दोन भिन्न तत्त्वे एकत्र आलेली आहेत. पहिले तत्त्व आगाऊ भरण्याचे, दुसरे मुदतीचे. ह्या पद्धतीचे बहुतेक लाभ पहिल्या तत्त्वातून आलेले आहेत आणि बहुतेक हानी दुसऱ्यातून. ही दोन तत्त्वे वेगळी करून पाहिल्यावाचून कोणताही निर्णय घाईचा ठरेल.

१. ऋणको कोण, धनको कोण?

पोस्टपेड पद्धतीत कंपनी महिनाभर सेवा देते आणि नंतर बिल पाठविते. मधल्या काळात ग्राहक ऋणको असतो व कंपनी धनको. किराणा दुकानातील महिन्याच्या खात्याचा व्यवहार ह्याच जातीचा. दुकानदार असे खाते कोणासही उघडून देत नाही; ओळखीचा, ठरलेल्या पगाराचा, गाव सोडून न जाणारा माणूस तो पाहतो. कंपनीही तेच करते. पत्ता कायमचा आहे काय, उत्पन्न नियमित आहे काय, अनामत घ्यावी काय, ह्या सर्व चौकशा थकबाकीच्या भीतीपोटी होत असतात. चौकशीचा खर्च ग्राहकापासून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा अधिक झाला, तर त्या ग्राहकास सेवा न देणेच कंपनीस परवडते. जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे जे विवेचन केले, त्यातील माहितीच्या विषमतेचे तत्त्व येथेही लागू पडते : चांगला ऋणको व वाईट ऋणको ह्यांतील भेद धनकोस ओळखता येत नसला, म्हणजे चांगल्यासही दार बंद होते.

प्रीपेड पद्धतीत हे नाते उलटते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातील पाटी तिच्या जवळ येते, परंतु तीही पुरती लागू पडत नाही. रोखीत माल व पैसा एकाच वेळी हात बदलतात. प्रीपेडमध्ये पैसा आधी जातो व माल मागाहून, थोडा थोडा येतो. म्हणून ह्या व्यवहारात ग्राहक धनको असतो व कंपनी ऋणको. प्रत्येकाची रक्कम क्षुल्लक असली, तरी कोट्यवधी ग्राहकांनी मिळून कंपनीस बिनव्याजी खेळते भांडवल पुरविलेले असते.

हे नाते शक्य झाले ते हिशेबाच्या तंत्रामुळे. पोस्टपेडमध्ये प्रत्येक संभाषणाची नोंद साठवून महिनाअखेर बेरीज केली तरी चालते. प्रीपेडमध्ये हिशेब बोलणे चालू असतानाच व्हावा लागतो. सिमकार्डावरून ग्राहकाची ओळख पटली म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेतील त्याचे खाते तपासले जाते. शिल्लक असेल तर त्यातील लहानसा भाग बाजूस काढून संभाषणास अनुमती मिळते. तो संपताच पुढचा भाग काढला जातो. आणि काही उरले नाही की संभाषण तुटते. थकबाकी ही गोष्टच येथे संभवत नाही. सुरक्षिततेच्या कारणास्तव ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे कायद्याने घ्यावी लागतात; परंतु त्याची पत पाहावी लागत नाही.

२. प्रसाराचा क्रम

भारतात मोबाइल सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम ह्यांच्याशी बोलले. त्या काळी मिनिटास १६ रुपयांपर्यंत आकार पडे आणि आलेल्या फोनबद्दलही पैसे द्यावे लागत. त्याच वर्षी पोर्तुगालमधील टीएमएन ह्या कंपनीने ‘मिमो’ ही प्रीपेड योजना काढली. जगातील आरंभीच्या अशा योजनांत तिची गणना होते. पुढील काही वर्षांत ही पद्धत युरोपात, आशियात व आफ्रिकेत पसरली.

भारतात तिला पोषक ठरलेल्या दोन घटना ध्यानात ठेविल्या पाहिजेत. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठराविक परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा घेण्याची रीत आणली. त्यामुळे अल्प उत्पन्न देणारा ग्राहकही कंपन्यांना नकोसा राहिला नाही. दुसरी घटना अधिक महत्त्वाची. १ मे २००३ पासून आलेला फोन विनामूल्य झाला व सर्व आकार फोन करणाऱ्यावर पडू लागला.

आगाऊ भरणा व विनामूल्य येणारा फोन ह्या दोहोंच्या संयोगाने एक नवाच ग्राहक निर्माण झाला. त्याच्या खात्यात पाच-दहा रुपये असत. तो स्वतः क्वचितच बोले. परंतु मुकादम, नातेवाईक, गिऱ्हाईक ह्यांना तो हवा तेव्हा सापडे. ‘मिस्ड कॉल देतो’ हा वाक्प्रचार ह्याच काळात मराठीत रूढ झाला. एक पैसाही खर्च न करता निरोप पोहोचविण्याची ती युक्ती होती. पूर्वी गरिबाचा फोन म्हणजे कोपऱ्यावरचा पीसीओ किंवा दुकानातील एक रुपयाचा कॉइन बॉक्स. त्यावरून बोलता येई, परंतु त्यावर कोणी आपल्याला बोलावू शकत नसे. ही उणीव प्रीपेड मोबाइलने भरून काढली.

३. आगाऊ भरण्याचे लाभ

पहिला लाभ प्रवेशाचा. ज्याच्यापाशी पगाराची चिठ्ठी नाही, कायमचा पत्ता नाही, बँकेतील व्यवहारांचा इतिहास नाही, त्यासही सेवा मिळू लागली. ऊसतोडणी कामगाराचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गळिताच्या हंगामासाठी जाणारा हा कामगार मुकादमाकडून उचल घेतो व हंगामभर ती फेडीत राहतो. त्याचा श्रमाचा व्यवहार ऋणकोचा. गावातील दुकानाचा व्यवहारही बहुधा ऋणकोचाच. फोनच्या व्यवहारात मात्र कोणाचेही देणे त्याच्या डोक्यावर राहत नाही. जी व्यवस्था पत मागत नाही तीच त्याच्यापर्यंत पोहोचू शकली, ह्यात आश्चर्य नाही.

दुसरा लाभ खर्चाच्या मर्यादेचा. भरली त्याहून अधिक रक्कम जाऊ शकत नाही. पोस्टपेड ग्राहकास महिनाअखेर अनपेक्षित बिलाचा जो धक्का बसू शकतो, तो येथे संभवत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांना किंवा रोजंदारीवर घर चालविणाऱ्या स्त्रीला ह्या मर्यादेचे मोल मोठे वाटते.

तिसरा लाभ लहान मापाचा. अनियमित उत्पन्नाच्या कुटुंबास वस्तू लहान मापात मिळणे हीच मोठी सोय असते. चहापत्तीची एक रुपयाची पुडी ह्याच तत्त्वावर खपते. दहा रुपयांच्या रिचार्जने हे तत्त्व दूरध्वनीस लागू केले. पानाच्या टपरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सर्वत्र रिचार्ज मिळू लागला व लहान विक्रेत्यांस थोडीबहुत दलालीही.

चौथा लाभ स्वातंत्र्याचा. करार नसल्याने ग्राहक केव्हाही थांबू शकतो. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाल्यावर हे स्वातंत्र्य अधिक अर्थपूर्ण झाले. कारण प्रीपेड ग्राहकास जाताना कोणतेही बिल चुकते करावयाचे नसते.

कंपनीचे लाभ उघडच आहेत : बुडीत येणी नाहीत, बिले छापणे व वसुली करणे ह्यांचा खर्च नाही, आणि पैसा आधी हातात.

४. पैशाच्या शिलकेकडून काळाच्या शिलकेकडे

येथवर वर्णन केलेली योजना व आजची योजना ह्यांत नाव तेवढे समान राहिले आहे. आरंभी ग्राहक बोलण्याचे माप विकत घेई. ह्या मापाचा उत्कर्ष २००९ साली झाला. त्या वर्षी टाटा डोकोमोने सेकंदावर आकारणी सुरू केली व इतरांना तिचे अनुकरण करावे लागले. मुदतीचे तत्त्व तेव्हाही होते, परंतु ते गौण होते. २००५ च्या अखेरीपासून तर ९९९ रुपयांत ‘आजीवन’ मुदत देणाऱ्या योजना निघाल्या होत्या. ‘आजीवन’ म्हणजे ग्राहकाचे जीवन नव्हे, तर कंपनीच्या परवान्याचे, हे नियामक प्राधिकरणास स्पष्ट करावे लागले, ही गोष्ट वेगळी.

हे चित्र का पालटले? ह्याचे सामान्य उत्तर असे दिले जाते की, ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, बोलणे विनामूल्य झाले, आणि अमुक दिवसांसाठी अमर्याद बोलणे व रोज ठराविक डेटा हे नवे माप रूढ झाले. हे खरे आहे, परंतु अपुरे आहे. त्याखाली एक कमी दिसणारे कारण आहे व त्याकडे अभ्यासकांनी लक्ष दिले पाहिजे.

एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास फोन केला, म्हणजे पहिली कंपनी दुसरीस मिनिटामागे काही रक्कम देई. ही रक्कम नियामक प्राधिकरण ठरवी. २००९ मध्ये ती २० पैसे झाली. २०१५ मध्ये १४ पैसे. १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे. आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. ह्याचा अर्थ असा की, केवळ फोन घेणारा, कधी न बोलणारा ग्राहक आरंभी कंपनीस निरुपयोगी नव्हता. त्याला येणारे प्रत्येक मिनिट कंपनीस काही मिळवून देई. त्याच्या सेवेचा खर्च त्याला फोन करणारा भरीत होता. ही रक्कम जसजशी उतरली तसतसा तो ग्राहक कंपनीच्या हिशेबात केवळ भार ठरला. दर कमी करण्याचा हेतू स्पर्धेला वाव देण्याचा होता व त्यामुळे बोलणे स्वस्त झाले हेही नाकारता येत नाही. परंतु बोलणाऱ्यावरील भार उतरला तो फोन घेणाऱ्यावर चढला.

२०१८ च्या अखेरीस एअरटेल व व्होडाफोन आयडिया ह्यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज आवश्यक केला. ज्यांनी पूर्वी ‘आजीवन’ मुदत घेतली होती त्यांनाही तो लागू होऊ लागला. ज्यांच्या खात्यात पुरेशी रक्कम आहे त्यांची सेवा तत्काळ बंद करू नये, असे नियामक प्राधिकरणाने त्या नोव्हेंबरात कंपन्यांना कळविले. परंतु किमान रिचार्जचे तत्त्व टिकून राहिले. त्यानंतर डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ व जुलै २०२४ अशी तीन वेळा सर्वसाधारण दरवाढ झाली. जुलै २०२४ मध्ये एअरटेलच्या २८ दिवसांच्या अमर्याद बोलण्याच्या सर्वांत लहान योजनेचा दर १७९ रुपयांवरून १९९ रुपये झाला. ३५ रुपयांच्या व १९९ रुपयांच्या योजनांत मिळणारी सेवा एकसारखी नव्हती, हे उघड आहे. दुसरीत बोलणे अमर्याद होते व डेटाही होता. परंतु ज्यास केवळ फोन चालू ठेवावयाचा आहे त्याच्या दृष्टीने ही तुलना अप्रस्तुत नाही.

सारांश, बोलण्याचे माप जाऊन काळाचे माप आले. पूर्वीच्या घरगुती टेलिफोनला दोन महिन्यांचे जे भाडे असे, तेच नव्या वेषात परत आले. फरक इतकाच की ते आता आगाऊ द्यावयाचे आहे.

५. मुदतीची हानी

पहिली हानी दरातील विषमतेची. जुलै २०२४ च्या दरपत्रकातील दोन योजना घेऊ. १९९ रुपयांत २८ दिवस व २ जीबी डेटा. १,९९९ रुपयांत ३६५ दिवस व २४ जीबी डेटा. बोलणे दोहोंत अमर्याद. पहिली योजना तेरा वेळा घेतल्यास ३६४ दिवसांस २,५८७ रुपये पडत. म्हणजे लहान हप्त्याने घेणाऱ्यास दिवसाला ७ रुपये ११ पैसे व एकदम घेणाऱ्यास ५ रुपये ४८ पैसे; जवळजवळ तीस टक्क्यांचा फरक. हाच हिशेब व्याजाच्या रूपाने मांडता येतो. हप्त्याने घेणे म्हणजे पहिल्या दिवशी १,८०० रुपये उसने घेऊन ते १९९ रुपयांच्या बारा हप्त्यांनी फेडण्यासारखे आहे. त्यावरील व्याज दर २८ दिवसांस शेकडा सुमारे ४.६, म्हणजे सरळ हिशेबाने वर्षास शेकडा साठ पडते. हा दर बँकेचा नव्हे, सावकाराचा आहे. अर्थात हप्त्याने घेणाऱ्यास केव्हाही थांबण्याची मोकळीक असते व तिलाही मोल आहे. त्यामुळे सर्व फरक व्याज समजणे योग्य होणार नाही. परंतु ज्याचा फोन बारा महिने चालू राहिलाच पाहिजे, त्यास ही मोकळीक कागदावरच राहते. डेव्हिड कॅप्लोविट्झ ह्यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमधील अल्पउत्पन्न कुटुंबांच्या खरेदीचा अभ्यास करून गरीब अधिक किंमत देतात असे दाखविले; ह्या हिशेबात तोच न्याय दिसतो.

दुसरी हानी अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याची. पगार, भाडे, भिशी ह्यांचा महिना पंचांगाचा. रिचार्जचा महिना चार आठवड्यांचा. त्यामुळे वर्षास बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात. दर वाढल्याचे न सांगता दर वाढविण्याची ही एक रीत आहे.

तिसरी हानी न वापरलेल्या सेवेची. मुदत संपली की उरलेला डेटा जातो. ‘टॉप-अप’ने भरलेल्या रकमेस नियमाने मुदत नसते, परंतु सेवेस असते. म्हणून असा विचित्र प्रसंग येतो की, खात्यात पैसे आहेत, पण बोलता येत नाही. कंपनी बदलल्यास शिल्लक नव्या कंपनीत येत नाही. धनकोचे येणे तेथेच बुडते.

चौथी हानी हिशेबाच्या अंधाराची. पोस्टपेड ग्राहकास दरमहा बिल मिळते. प्रीपेड ग्राहकास तपशीलवार हिशेब आपण होऊन मिळत नाही. तो मागावा लागतो आणि २०१२ च्या नियमांनुसार त्यासाठी ५० रुपयांपर्यंत आकार लावता येतो. दहा रुपये कसे गेले हे कळण्यास पन्नास रुपये कोण देणार? गाण्यांच्या, ज्योतिषाच्या, क्रिकेटच्या ‘सेवा’ न मागता सुरू होऊन बॅलन्स कापला जाण्याच्या तक्रारी ह्या अंधारातच वाढल्या. अखेरीस २०१३ मध्ये अशा सेवेसाठी ग्राहकाची दुहेरी संमती घेणे प्राधिकरणास सक्तीचे करावे लागले.

पाचवी हानी सर्वांत गंभीर, कारण ती फोनपुरती राहत नाही. मोबाइल क्रमांक हा आज माणसाच्या ओळखीचा भाग झाला आहे. बँकेचा संदेश, आधारची पडताळणी, २०१६ पासून रूढ झालेल्या यूपीआयचा व्यवहार, गॅसची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, ह्या सर्वांसाठी येणारा सांकेतिक अंक त्या क्रमांकावर येतो. मुदत संपल्यावर प्रथम जाणारे फोन बंद होतात व काही काळाने येणारे फोन आणि संदेशही. म्हणजे रिचार्ज चुकला की खात्यातील स्वतःच्याच पैशापर्यंत पोहोचणे कठीण होते. क्रमांक कायमचा बंद झाल्यास तो किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणास देता येतो, असे प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले; जुन्या क्रमांकाशी जोडलेली खाती वेळीच न बदलल्यास काय घडू शकते हे निराळे सांगावयास नको.

२०२० च्या टाळेबंदीने हे वास्तव उघड केले. २५ मार्चला व्यवहार थांबले. मजूर परगावी अडकले. रिचार्जची दुकाने मिटली. ज्या आठवड्यांत घरच्यांशी बोलणे सर्वाधिक आवश्यक होते, त्याच आठवड्यांत अनेकांच्या मुदती संपत होत्या. २९ मार्च रोजी नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना मुदत वाढविण्याविषयी सांगितले व कंपन्यांनी अल्पउत्पन्न ग्राहकांस १७ एप्रिलपर्यंत मुदत किंवा थोडे विनामूल्य बोलणे दिले. उपाय तत्परतेने झाला, ही गोष्ट स्वागतार्ह. परंतु मुदत हे तत्त्व नसते, तर त्या उपायाची आवश्यकताच भासली नसती.

६. नियमनाचे प्रयत्न व कंपन्यांची बाजू

मोबाइलचे दर ठरविण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. प्राधिकरण मुख्यतः दराची मांडणी व ग्राहकाचे संरक्षण ह्यांकडे पाहते. २०१२ च्या नियमांनी रिचार्जचे प्रकार निश्चित केले. २०१३ च्या दुरुस्तीने असे ठरले की, ९० दिवसांपर्यंत वापर नसला तरी क्रमांक बंद करू नये. आणि त्यानंतरही खात्यात २० रुपये असल्यास ते कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखावा. २०२२ च्या आदेशाने ३० दिवसांची व दरमहा त्याच तारखेस येणारी अशा योजना ठेवणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश ह्यांसाठी निदान एक स्वतंत्र रिचार्ज ठेवण्याचा नियम झाला, तसेच विशेष रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली गेली.

हे सर्व उपाय योग्य दिशेचे आहेत. त्यांची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. डेटा नको असलेल्या वृद्धांचा व साध्या फोनवाल्यांचा विचार करून शेवटचा नियम झाला. परंतु जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने त्यानुसार दिलेल्या योजना ८४ दिवसांसाठी ४६९ रुपये व वर्षासाठी १,८४९ रुपये अशा मोठ्या मापाच्या निघाल्या. नियमाने वस्तू निराळी केली, माप लहान केले नाही. ज्याच्यासाठी नियम झाला त्याच्या खिशात एका वेळी ४६९ रुपये असतीलच असे नाही.

कंपन्यांची बाजूही उपेक्षणीय नाही. मनोरे, रेडिओलहरींचा परवाना, वीज ह्यांचा खर्च बोलण्याच्या मिनिटांवर अवलंबून नसतो. कोणी बोलो वा न बोलो, तो होतच असतो. आर्थर लुईस ह्यांनी १९४१ मध्ये व रोनाल्ड कोस ह्यांनी १९४६ मध्ये केलेल्या द्विभागी दराच्या विवेचनातून असे निघते की, ठोक खर्चासाठी ठोक आकार व वापरासाठी वापराइतका आकार असावा. ह्या न्यायाने प्रत्येक ग्राहकाने काही ठोक वाटा उचलावा ही मागणी अन्याय्य म्हणता येणार नाही. शिवाय ग्राहकच ठोक दर पसंत करतात, असेही दिसते. ट्रेन, मॅक्फॅडन व बेन-अकिवा ह्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील कुटुंबांचा कल ठोक दराकडे आढळला होता. बोलताना घड्याळाकडे पाहावे न लागणे हे सुखच आहे, आणि ज्याचे बोलणे व डेटाचा वापर भरपूर आहे त्यास आजची योजना पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु द्विभागी दराच्या तत्त्वात दोन भाग आहेत. आजच्या बहुतेक योजनांत वापराचा भाग शून्य असून सर्व आकार ठोक झाला आहे. त्यामुळे अल्प वापर करणारा ग्राहक बहुवापर करणाऱ्याइतकाच आकार देतो. क्रमांक राखण्याची किंमत २०१३ च्या नियमानुसार ३० दिवसांस २० रुपये, म्हणजे वर्षास सुमारे २४३ रुपये होते. ह्या रकमेत येणारे फोन चालू राहण्याची हमी नाही हे खरे. परंतु २४३ रुपये व २,५८७ रुपये ह्यांमधील विस्तीर्ण जागेत लहान ग्राहकास पेलेल अशी पायरी असावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसेल की, प्रीपेड चांगले की वाईट हा प्रश्न तसा विचारणेच फारसे फलदायी नाही. आगाऊ भरण्याच्या तत्त्वाने पत नसलेल्या माणसास दूरध्वनीच्या व्यवस्थेत स्थान दिले. हे कार्य दुसऱ्या कोणत्याही पद्धतीस इतक्या अल्पावधीत साधले नव्हते. मुदतीच्या तत्त्वाने त्याच माणसावर एक आवर्ती भाडे बसविले, व ते चुकल्यास त्याची ओळखच संकटात येईल अशी परिस्थिती निर्माण झाली. म्हणून सुधारणेचा रोख आगाऊ भरण्यावर नसून मुदतीवर असावयास हवा. येणारे फोन व संदेश अल्प आकारात दीर्घकाळ चालू राहावेत, बोलण्याचा रिचार्ज लहान मापातही मिळावा, आणि खात्यातील शिल्लक कंपनी बदलताना ग्राहकास परत मिळावी, ह्या तीन गोष्टी साधल्या तर ह्या पद्धतीचा मूळ गुण पुष्कळ अंशी परत येईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनास भरपूर वाव आहे. एखाद्या गावातील किंवा वस्तीतील पन्नास-साठ कुटुंबांची वर्षभराची रिचार्जची टिपणे ठेवावीत. रिचार्ज कोणत्या तारखांस झाला, तो मजुरीच्या दिवसाशी जुळतो काय, मुदतींच्या मधे किती दिवस रिकामे गेले, एका घरात किती क्रमांक असून कोणाचा प्रथम बंद पडतो, स्त्रियांचा की पुरुषांचा, हे पाहावे. गावातील रिचार्जच्या दुकानदाराची वही हेही उत्तम साधन ठरेल. मात्र ग्राहकांची नावे व क्रमांक गुप्त ठेवण्याची दक्षता घेतली पाहिजे. रिकाम्या दिवसांची संख्या हाती आल्यास मुदतीची खरी किंमत काय पडते, हे रुपयांत नव्हे तरी दिवसांत निश्चितपणे सांगता येईल.